भोपळ्याची कॅसेट

पहिली गोष्ट, शर्टाच्या वरच्या खिशाला हात लावा. काहीतरी चौकोनी, टणक लागतंय ना? असू द्या, त्याच्याकडे येऊच. दुसरी गोष्ट, मोबाइल चाचपडत बसू नका. तो अजून आलेला नाही. मुंबईत आलेली कुठलीही वस्तू यवतमाळात सगळ्यात शेवटी पोचते, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत आहे. आज ती समजूत तुम्ही मोडायची आहे.

साल 1991. नवरात्राची सहावी माळ. दुपारचे चार. तुम्ही सतरा वर्षांचे, बारावी सायन्सला, आणि वडिलांच्या जुन्या सायकलवर बसलेले. सीटचं रेक्झिन फाटलंय, आतली स्प्रिंग टोचतेय, तेव्हा पेडलवर उभे राहूनच चालवा. मुलगा व्हायचं की मुलगी, ते तुमचं तुम्ही ठरवा. मुलगी झालात तर मात्र रात्री नऊनंतर चौकात थांबायला भाऊ सोबत लागेल. नियम माझा नाही, त्या घराचा आहे.

पाऊस गेलाय, थंडीचा पत्ता नाही. ऊन मानेवर बसलंय, भुवईतून घाम डोळ्यांत उतरतो आणि चुरचुरतो. नाक उघडं ठेवा. कुठल्याशा जिनिंगच्या आवारातून सरकीचा तेलकट वास येतोय. पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन बंड्या गावाकडे निघाल्यात, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजतायत, आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेत. तुमच्या केसांतही एक आहे. राहू द्या.

ही शिटी ऐकलीत? मूर्तिजापूरकडे निघालेली शकुंतला. अडीच फुटी रूळ, वर धूर, डब्यांत गर्दी, आणि पुढे 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन. वऱ्हाडातला कापूस तिकडच्या गिरण्यांपर्यंत जावा म्हणून ही लाइन टाकली गेली. मँचेस्टरचं एवढं अवजड लोखंड यवतमाळपर्यंत येऊ शकतं, तर हॅम्बुर्गची गिटार का येऊ नये?

काढा आता ते खिशातलं.

कॅसेट आहे. ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’, भाग पहिला. बँडचं नाव हेलोवीन, त्या नावातल्या ‘ओ’च्या जागी एक भोपळा काढलाय. हॅम्बुर्गची पोरं, 1987 चा अल्बम. ती तुमच्या खिशात मीच ठेवली. काळप्रवासाचा खर्च माझा, तर सामानही माझंच. कुणी विचारलं तर पुण्याच्या आतेभावानं दिली म्हणा. ज्या वस्तूचा अर्थ लागत नाही ती पुण्याच्या आतेभावाकडूनच आलेली असते, एवढं घरच्यांनाही ठाऊक आहे.

मूळ कॅसेट तुमच्या मित्राला हवी आहे, तुमच्यापाशी तिची कॉपी राहील, म्हणून चला दत्त चौकाकडे. मंडपांचे बांबू रस्त्यात आलेत, सायकल हातात धरून चाला. कुठल्या मंडपात हिमालय उभा राहिलाय, कुठे गुहा, आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक भोंगा. एकात देवीची आरती, दुसऱ्यात ‘साजन’, तिसऱ्यात हरवलेल्या मुलाची घोषणा. तिन्ही एकाच वेळी ऐकू येतात, आणि गंमत म्हणजे तिन्ही कळतात. हे कान लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहेत.

चौकामागच्या गल्लीत कॅसेट भरून देणाऱ्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. भिंतभर कॅसेटी, ‘आशिकी’ सगळ्यात पुढे, वर प्रल्हाद शिंदे, त्याच्या शेजारी तुकडोजी महाराजांची भजनं. उदबत्ती, स्पिरिट आणि तापलेल्या डेकचा मिळून एक वास. मालक कानकाडीला कापूस गुंडाळून डेकचं हेड पुसतोय. शेजारच्या टपरीवर खर्रा घोटणं चाललंय, ती खर्र-खर्र या दुकानात सतत ऐकू येते.

तो कॅसेट हातात घेतो. उलटी करतो, सुलटी करतो.

“हे कोनतं पिच्चर हाये?”

“पिक्चर नाही, बँड आहे.”

“लग्नाचा का?”

“नाही. जर्मनीचा.”

“मंग हा भोपया कायले काढला यायनं?”

याचं उत्तर तुमच्याकडे नाही. माझ्याकडेही धड नाही. तो खांदे उडवतो, टीडीकेची नवी डी-60 फोडतो, दोन्ही डेकची बटणं एकदम दाबतो आणि मॉनिटरचा आवाज वाढवतो. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ भरायला लागतो, तेव्हा स्टुलावर बसा.

सुरुवातीला सव्वा मिनिटाचा भारदस्त वाद्यवृंद. मालक मान हलवतो. “साउथचं वाटते.” आणि मग गिटारी कोसळतात.

खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला, बघितलंत? मालकानं झटकन आवाज कमी केला. दोन सेकंद गेली. मग त्यानं तो हळूच पुन्हा थोडा वाढवला. त्याच्या चेहऱ्यावर पसंती नाही, नापसंतीही नाही. फक्त डेकच्या लाल दिव्यांकडे तो बघतोय. ते सगळे एकदम पेटलेत आणि विझायचं नाव घेत नाहीत.

आता इथं एक घोटाळा होणार आहे आणि मी तो थांबवणार नाही, कारण तो तेव्हा रोज व्हायचा. अल्बम सदतीस मिनिटांचा. मूळ कॅसेटच्या दोन्ही बाजू अठरा-एकोणीस मिनिटांच्या. डी-60 ची एक बाजू तीस मिनिटांची. शहाणा माणूस इकडची बाजू इकडे, तिकडची तिकडे भरेल. मालक मात्र सलग भरतो, कारण मध्ये रिकामी टेप सोडणं त्याच्या जिवावर येतं. त्यामुळे पहिली बाजू संपते ती ‘हॅलोवीन’ नावाच्या गाण्याच्या मधोमध. (बँड हेलोवीन, गाणं हॅलोवीन. घोळ त्यांनी घातलाय, मी नाही.) गाणं तेरा मिनिटांचं, टेप तुटते आठव्या मिनिटाच्या आसपास, गिटार ऐन रंगात असताना. खट्. उरलेलं गाणं मागच्या बाजूला, आणि त्यानंतर मोकळी राहिलेली वीस-बावीस मिनिटं? तिथं मालकानं न विचारता ‘आशिकी’ची चार गाणी भरून दिलीत.

“जागा उरली व्हती, वाया कायले घालवाची?”

पैसे द्या आणि निघा. वाद घालू नका. तो तुमच्या भल्याचंच बोलतोय.

रात्री गच्चीवर या. खाली आई फराळाचं बघतेय, भगरीचा आणि दाण्याच्या आमटीचा वास जिन्यातून वर येतोय. सतरंजी अंथरा, टू-इन-वन मध्ये ठेवा. वीज गेली तर जाड सेल आहेत, पण जपून. सेल उतरले की गाणारा आधी म्हातारा होतो, मग राक्षस. दिवसभर तापलेली गच्ची सतरंजीतून अजून पाठीला लागते. चारी बाजूंनी मंडपांचे भोंगे. आवाज पुरता वाढवा आणि कान स्पीकरला लावून पालथे पडा.

आता नीट ऐका, मी कानात कुजबुजत राहतो.

तळाशी ती धडधड ऐकू येतेय, ती गिटारच आहे. उजव्या तळव्याची कड तारांवर, घोडीजवळ, हलकीच टेकवून ठेवायची आणि तारा छेडायच्या. सूर पसरत नाही, तुटक आणि घट्ट येतो. त्या पायावर दुसरी गिटार चाल घेऊन उभी राहते. आणि मग, थांबा, आत्ता, दोन्ही गिटारी एकच चाल एकदम वाजवतात, पण एकाच सुरावर नाही. एक सा वर, तर दुसरी ग वर. ती रे वर गेली की ही म वर. दोघींमधलं अंतर न मोडता त्या धावत जिना चढतात. तुमच्या मानेवर काटा आला तो इथंच. हे काम काय हान्सन आणि मिखाएल वायकाथ या दोघांचं. मित्राला सांगताना सांभाळा, नाहीतर “गिटारवाल्याचं नाव काय?” “काय.” “अरे नाव काय?” यातच रात्र जाईल.

ढोल वाजवतोय तो इंगो श्विख्टेनबर्ग. त्याच्या दोन्ही पायांखाली बास ड्रमचं एकेक पेडल आहे आणि दोन्ही पाय अखंड चालू आहेत. ही लय तुम्हाला परकी वाटत नाहीये. का, ते आठवा. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी अशीच सुटते. आधी संथ, मग दुप्पट, मग बोटं दिसेनाशी होतात, आणि मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यांची मान आपोआप हलायला लागते. त्या भजनांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला वेगाची भीती कोण घालणार? आणि भोंग्यांच्या चौकात वाढलेल्याला आवाजाची?

गाणारा मिखाएल किस्के. अल्बम करायला घेतला तेव्हा अठरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या कॉलेजात असता तर एफवायला असता. त्याआधी हान्सन स्वतःच गिटार वाजवून गायचा. एका माणसाला दोन्ही झेपेना, म्हणून हा पोरगा आणला. तो तार सप्तकात जाऊन थांबत नाही, तिथं घर करून राहतो. कपाळाच्या शिरा ताणून ओरडणं नाही ते. उघडा, गोल, स्वच्छ आवाज. शब्द कळत नाहीत? छान आहे. कळले तरी फार फरक पडणार नाही. कथा साधीच आहे, सात किल्ल्या, त्यांचा राखणदार, आणि त्याला अडवणारा दुष्ट. ज्या गावात आज चौकाचौकात महिषासुर त्रिशूळ खाऊन पडलाय, तिथं ही कथा कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मध्ये एक संथ, रडकं गाणं येतं. ‘अ टेल दॅट वॉझन्ट राइट’. तुम्हाला ते फॉरवर्ड करावंसं वाटेल. करा. मीही करतो. काही लोक त्या गाण्यासाठी जीव टाकतात, त्यांच्याशी माझं पटत नाही.

त्यानंतर लागेल ‘फ्यूचर वर्ल्ड’, आणि इथं तुम्हाला कळेल की आपल्याला फसवलं गेलंय. मेटल म्हणजे काळे कपडे, कवट्या, अंधार, घशातून गुरगुरणं, असंच ऐकलं होतं ना? हे तर चक्क आनंदी आहे. उड्या मारत येणारी चाल, गिटारीवर गुणगुणता येईल असा तुकडा, आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून म्हणायचा मुखडा. पॉवर मेटल म्हणतात त्याची सगळी मोहिनी इथं आहे. वेग आणि दणका मेटलचा, पण चाल अशी की दुसऱ्या दिवशी नळाच्या रांगेत तोंडात बसते. जाणकार मंडळी पुढे याच आनंदीपणाला हसतील, पोरकट म्हणतील. सतराव्या वर्षी तुम्हाला जाणकार व्हायचं नसतं. परवा केमिस्ट्रीचा पेपर आहे, वडील इंजिनिअरिंगच्या फीचे आकडे मोडतायत, आणि हा अठरा वर्षांचा पोरगा कानात सांगतोय की सगळं जमणार. तेवढा वेळ तरी जमतं.

खट्. आठवं मिनिट. सांगितलं होतं.

उठा, टू-इन-वन काखेत घ्या, अजून रात्र आहे. चौकात एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा आहे. कळंब, नेर, दारव्हा, घाटंजी, सगळीकडून लोक आलेत. कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी बंडीत, लेकरं खांद्यावर. धूळ, गजऱ्यांचा वास, जनरेटरचा धूर, तळणाऱ्या आलूबोंड्यांचं तेल. पुढे चालणाऱ्याच्या टाचेवर तुमचा पाय पडतो आणि मागच्याचा तुमच्या. ढकलाढकलीतच मंडपाच्या मागच्या कनातीकडे सरका. तिथं वाद्यं लावायचं काम चाललंय.

तो निळ्या चमकदार शर्टातला गिटारवाला बघा. गळ्यात गिवसनची इलेक्ट्रिक, पॉलिश उडालेली. त्याचा हात तारेवर पडला की ‘कर्ज’ची धून आपोआप निघते, कारण गेली दहा वर्षं प्रत्येक गावात आधी तीच मागतात. नखं बघा त्याची, पिवळी, आणि डाव्या हाताच्या बोटांना घट्टे. त्याच्यासमोर टू-इन-वन धरा. काही बोलू नका, बटण दाबा.

तो आधी हसतो. मग हसू थांबतं. मग तो मान तिरकी करून स्पीकरजवळ येतो.

“हे दोघं जनं वाजवून राह्यले.”

“हो.”

“अखीन एकडाव लाव.”

टेप मागे घ्या. पुढे गेली, पुन्हा मागे. तो डोळे मिटून ऐकतो, डावा हात पट्टीवर मुका फिरतोय. तिसऱ्या वेळेला त्याला चालीची पहिली ओळ सापडली. मूळ वेगाच्या निम्म्यानं, पण बरोबर. मग तो कॅसिओवाल्याकडे वळतो.

“मी सा वरून जातो, तू गंधारावरून ये. संगं चाल, पुढं पयू नको.”

आणि ते दोघं सुरू होतात. ढोलकवाल्याला कळत नाही काय चाललंय, पण हात गप्प बसत नाहीत, तोही मागे धरतो. मंचावरचा माइक चालू राहिलाय, हे कुणाच्याच लक्षात नाही. तो तुकडा भोंग्यातून बाहेर पडतो, चिरकत, फाटत, अर्ध्या दत्त चौकावर. समोर सतरंजीवर जागा धरून बसलेली एक आजी वळून बघते. एक लेकरू नाचायला लागतं. आलूबोंडेवाल्याचा झारा हवेत थांबतो. फार तर दहा-बारा सेकंद. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी घाम पुसत धावत येतात.

“देवीचं वाजवा ना जी, हे काय लावलं!”

गिटारवाला लगेच आरतीची चाल धरतो. पण त्याच्या डाव्या हाताकडे बघा. दोन ओळींच्या मध्ये जिथं मोकळी मात्रा सापडते, तिथं तो सा-गंधाराचा जिना एकदा चढून येतो.

एक झटपट उडी मारू, मग तुम्हाला सोडतो. पुढचा ऑगस्ट. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसचा जनरल डबा, रात्रभर कुणाच्या तरी पेटीवर बसून, सकाळी मुंबई. धोबी तलावाजवळचं रंगभवन, वर आभाळ, खाली चिखल. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’. यवतमाळात तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून दोन होतात, इथं काळ्या टी-शर्टातले हजारो आहेत. पाऊस पडतोय आणि कुणी हलत नाही. ओल्या केसांचा, घामाचा, सिगारेटचा वास. मंचावर मुंबईची पोरं आयर्न मेडनची गाणी वाजवतायत, दोन गिटारी, तेच अंतर, आणि समोरचे सगळे शब्द नाही, गिटारीची चाल गातायत. गिटारीची चाल! तुमच्या शेजारचा डोंबिवलीचा पोरगा विचारतो, गाव कुठलं? यवतमाळ म्हटल्यावर तो म्हणतो, तिथं मेटल ऐकतात? त्याला चौकातलं सांगू नका, विश्वास बसायचा नाही. पुढे रुग्णालयांजवळच्या शांतता क्षेत्राच्या नियमात इथले दणके बंद झाले. आयर्न मेडन स्वतः मुंबईत वाजवायला आले ते 1 फेब्रुवारी 2008 ला.

हान्सननं 1988 नंतर बँड सोडला आणि गामा रे काढला. किस्केही काही वर्षांनी बाहेर पडला. इंगो 1995 साली गेला, तिशीही गाठली नव्हती त्यानं. पण 2017 मध्ये हान्सन आणि किस्के दोघंही हेलोवीनमध्ये परतले, आणि 2021 साली या दोघांसह बँडनं नवा अल्बम काढला. बरा आहे. ‘कीपर’ची सर त्याला नाही.

तेव्हा ऐकायचं असेल तर 1987 चाच ऐका. वाद्यवृंदाचा तुकडा गाळू नका, नाहीतर गिटारी कोसळण्यातली मजा जाईल. रडकं गाणं गाळा, माझी हरकत नाही. आणि ‘हॅलोवीन’ला तेरा मिनिटं सलग द्या, आवाज शेजारी तक्रार करतील इतका ठेवून. यवतमाळच्या त्या गच्चीवर ते आठव्या मिनिटाला तुटायचं. पुढची पाच मिनिटं पहिल्या आठांपेक्षा चांगली आहेत.